दगडावरचे नाव

प्रस्तावना

गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या देवळामागे किंवा एखाद्या पिंपळाच्या पारावर उभा असलेला कोरीव दगड तुम्ही पाहिला असेल. त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरलेला असतो. गावातील लोक त्याला शेंदूर लावतात, सणावाराला नारळ वाढवतात. पण हा माणूस कोण, असे विचारले तर बहुधा कोणालाच सांगता येत नाही. लढाईत कामी आलेल्या योद्ध्याचा तो दगड असतो. त्याला वीरगळ म्हणतात.

जे आपल्यासाठी लढले त्यांचे स्मरण समाजाने कसे ठेवले आणि आज आपण ते कसे ठेवावे, याचा विचार या वैचारिक लेखात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• राजाचे स्मारक आणि सामान्य सैनिकाचे स्मारक यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• वीरगळ व नडुकल् यांची माहिती सांगता येईल;
• सैनिकांच्या कुटुंबांसाठी पूर्वी केलेल्या तरतुदींचे महत्त्व सांगता येईल;
• माजी सैनिकांविषयीच्या आपल्या कर्तव्यांवर स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. त्रिभुवनवीराचे देऊळ

तमिळनाडूतील कुंभकोणम् शहरातून मयिलाडुतुरैच्या रस्त्याने सुमारे आठ किलोमीटर गेले की तिरुभुवनम् हे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातखाचरे आणि रेशमी साड्या विणणाऱ्या कारागिरांचे माग, ही या गावाची ओळख. याच गावात कंपहरेश्वराचे भव्य मंदिर आहे. कंप म्हणजे थरकाप. भक्ताचा थरकाप दूर करणारा तो कंपहरेश्वर.

चोळ घराण्यातील राजा तिसरा कुलोत्तुंग याने हे मंदिर बांधले. त्याची कारकीर्द इ. स. ११७८ ते १२१८ अशी मानली जाते. तंजावर, गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् येथे चोळ राजांनी जी महामंदिरे उभारली, त्या मालिकेतील हे अखेरचे भव्य मंदिर होय. कुलोत्तुंगाने पांड्य राजांशी युद्धे केली, मदुरा जिंकली आणि 'त्रिभुवनवीर' हे बिरुद धारण केले. त्या बिरुदावरूनच गावाला नाव मिळाले. आठशे वर्षे लोटली. चोळांचे राज्य लयाला गेले. पण गावाचे नाव उच्चारताना आजही माणसे नकळत त्या राजाच्या पराक्रमाचा उच्चार करतात.

राजाचे स्मरण असे राहते. परंतु मदुरेच्या वाटेवर जे पायदळातील शिपाई पडले, त्यांचे काय झाले? ज्यांच्या खांद्यांवर राजाचा विजय उभा राहिला, त्यांची नावे त्या उत्तुंग शिखराच्या सावलीत उभे राहून शोधली तरी सापडत नाहीत.

मराठी माणसाला याच प्रदेशात आणखी एक दृश्य पाहायला मिळते. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यांच्या वंशातील सरफोजी राजे दुसरे यांनी इ. स. १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, पाषाणावर मायबोलीच्या ओळी वाचताना ऊर भरून येतो. हा लेखही राजवंशाचाच आहे. घोड्याचा लगाम धरून, कुटुंबकबिला मागे ठेवून जे मराठे शिपाई राजांबरोबर एवढ्या दूर आले, त्यांच्यासाठी अशी भिंत कोणी राखून ठेवली नाही.

२. शिपायाचा दगड

मग सामान्य लढवय्याचे स्मरण कोणी केलेच नाही काय? केले, पण ते राजवाड्याने नव्हे, गावाने केले.

तमिळ देशात अशा दगडाला 'नडुकल्' म्हणतात. 'नडु' म्हणजे रोवणे आणि 'कल्' म्हणजे दगड. 'तोल्काप्पियम्' या प्राचीन तमिळ ग्रंथात असा दगड निवडणे, आणणे, त्याला स्नान घालणे, रोवणे आणि त्याची स्तुती करणे, असा क्रम सांगितला आहे. आपल्या 'वीरगळ' या शब्दातही हाच दाक्षिणात्य 'कल्' दडलेला आहे. वीराचा कल् तो वीरगळ. भाषा दोन असल्या, तरी कृतज्ञतेचा शब्द एकाच मुळातून आला आहे.

पुष्कळ नडुकलांवर लेख आहेत. तिरुवण्णामलै भागातील एडुत्तनूर येथे सातव्या शतकातील, महेंद्रवर्मन पल्लवाच्या काळचा एक दगड आहे. चोरांशी लढताना पडलेल्या वीराचे नाव त्यावर आहेच. शिवाय त्याच्याजवळ उभ्या असलेल्या कुत्र्याचेही चित्र आणि नाव आहे. कोवीवन हे त्याचे नाव. तेराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका खेड्याने इमानी कुत्र्याचे नावसुद्धा विसरू दिले नाही!

महाराष्ट्रातील वीरगळ सहसा अबोल असतात. त्यांवर अक्षरे क्वचितच आढळतात. परंतु चित्रांतून ते एक कथा सांगतात. तळच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर असतो. त्यावरच्या चौकटीत लढाई असते. त्याच्याही वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही आठवण राहील, हा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर जहाजांच्या रांगा आणि समुद्रावरील लढाई कोरलेली आहे.

गावाने चंद्र-सूर्याची शपथ घेतली, पण नाव लिहिले नाही. ज्यांना ते तोंडपाठ होते, ती माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर नावही गेले. शेंदूर उरला, माणूस हरवला.

३. दगडाबरोबर भाकरी

पूर्वजांनी केवळ दगड रोवून कर्तव्य संपले असे मानले नाही. तमिळ प्रदेशात लढाईत पडलेल्या वीराच्या आप्तांना जमीन देत. तिला 'उदिरप्पट्टि', म्हणजे रक्ताची जमीन, म्हणत. कर्नाटकातही अशाच दानाचे उल्लेख शिलालेखांत सापडतात.

मराठी राज्यातही ही दृष्टी होती. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवाजी महाराजांची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. तेव्हा राजाराम महाराज जिंजी किल्ल्यावर होते आणि त्यांच्याच आज्ञेवरून ती लिहिली गेली. हा जिंजी किल्लाही तमिळनाडूतच आहे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले, ते सभासदाने नोंदवले आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या स्त्रियांना अर्धे वेतन बांधून दिले. जखमी झालेल्यांना जखमेच्या मानाने होन दिले. विजयाच्या आनंदात वाद्ये वाजत असताना विधवेच्या चुलीची आठवण ठेवणारा राजा विरळाच. पुढे पेशवाईतही लढाईत मेलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी नेमणूक करून देत. तिला 'बालपरवेशी' असे म्हणत.

या एका शब्दात मोठा विचार सामावला आहे. मेलेल्याला मान हवा असतो. जगणाऱ्याला भाकरी हवी असते. मान देऊन भाकरी नाकारली तर तो मान पोकळ ठरतो. भाकरी देऊन नाव पुसले तर ते केवळ दान ठरते. दोन्ही मिळून खरे स्मरण होते.

४. एक गेला, एक परतला

आता जवळच्या काळाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीच्या डोंगरांत लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा भडिमार झाला. साथीदार मेले किंवा जखमी झाले. बावीस वर्षांचे घाडगे एकटेच शत्रूच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँबने त्यांनी मशीनगन बंद पाडली. काडतुसे भरायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने ते लढले. ठाणे जिंकले, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.

पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुखरूप आणले. मग परत जाऊन, हाताला जखम झालेली असतानाही, शत्रूच्या मशीनगन निकामी केल्या. हे जाधव संगमनेर तालुक्यातील निमज गावचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परतले, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये निधन पावले.

एक त्या डोंगरांतून परतला नाही. दुसरा आपल्यांत येऊन एकोणचाळीस वर्षे जगला. पहिल्याचे आपण स्मारक करतो. दुसऱ्याचे काय करावे, हे मात्र समाजाला अनेकदा उमगत नाही. एस. टी. मध्ये शेजारी बसलेला, विहिरीवर मोट किंवा मोटार चालवणारा, बँकेच्या रांगेत उभा असलेला म्हातारा माणूस कधी काळी सीमेवर उभा होता, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

येथे एक शंका येईल. ते युद्ध इंग्रजांच्या साम्राज्याचे होते. मग त्यातील सैनिकांचा गौरव का करावा? युद्ध कोणी पुकारले आणि का, याचा जाब इतिहास राज्यकर्त्यांना विचारतो. तो अवश्य विचारावा. परंतु गोळ्यांच्या वर्षावात जखमी मित्राला पाठीवर घेऊन नदी ओलांडणाऱ्याने आपली माणुसकी कोणत्याही साम्राज्याला विकलेली नव्हती. सैनिकाचा सन्मान म्हणजे युद्धाचा जयजयकार नव्हे. युद्धाची किंमत कोणी मोजली, हे लक्षात ठेवणे, हाच त्याचा अर्थ.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने या गावी यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारण्यात आले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा बोध त्यावर दिला आहे. आपल्या वीरगळावरचा सूर्य असा परक्या मुलखातील दगडावर उगवला. आणि या वेळी त्याच्यासोबत नावही होते.

५. आपले कर्तव्य

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान कामी आले, असे सांगतात. तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या येथील तरुण सैन्यात जात आले आहेत. त्या महायुद्धानंतर सरकारने देशातील अनेक गावांत पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले आणि त्यांपैकी इतके मेले, असा मजकूर त्यांवर असे. त्यांत संख्या होती. नावे बहुधा नव्हती. संख्येला आई नसते, घर नसते, गाव नसते. नावाला ते सारे असते.

स्वतंत्र भारताने ही उणीव भरून काढली. नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तेथील 'त्यागचक्रा'त एकेका शिळेवर कोरलेली आहेत. गावातून आलेली एखादी वृद्ध माता ओळींमागून ओळी शोधीत जाते आणि आपल्या मुलाच्या नावावरून बोट फिरवते, तेव्हा त्या दगडाचे मोल कळते.

भाकरीची बाजूही देशाने सांभाळली पाहिजे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जमणारा निधी माजी सैनिक, अपंग जवान आणि वीरपत्नी यांच्या कल्याणासाठी असतो. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तरीही अडचणी उरतात. शिपाई बहुधा चाळिशीच्या आत निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि त्याला नवे काम शोधावे लागते. वीरपत्नीला तर पतीचा शोक आवरून कागदपत्रांच्या मागे धावावे लागते. दाखला कोणता, अर्ज कोठे करायचा, मुदत कधी संपते, हे न समजल्यामुळे हक्काची रक्कमही हातची जाऊ शकते.

येथेच तुमचे काम सुरू होते. तुम्ही कदाचित शिक्षण अर्धवट सोडले होते आणि आज पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. तुमच्या गावातील वीरपत्नीला पेन्शनचा कागद वाचून दाखवणे, तिचा अर्ज लिहून देणे, माजी सैनिकाजवळ बसून त्याची हकिकत उतरवून घेणे, हे सारे आता तुम्हाला शक्य आहे. हार घालणारे हात वर्षातून एकदा येतात. अर्ज लिहिणारा हात रोज हवा असतो.

तिरुभुवनम्‌चा राजा आपले नाव गावाला देऊन गेला. शिपायाजवळ देण्यासारखे राज्य नव्हते. त्याने प्राण दिले. त्याचे नाव टिकवणे ही आपली जबाबदारी आहे. नाव कोरायला टाकी पुरते. पण ते टिकायला वाचणारा लागतो. ज्या दिवशी वाचणारा संपतो, त्या दिवशी दगडावरचे नाव पुन्हा केवळ दगड होते.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. कंपहरेश्वराचे मंदिर कोणी बांधले?
(क) व्यंकोजी राजे (ख) तिसरा कुलोत्तुंग (ग) महेंद्रवर्मन (घ) सरफोजी दुसरे
२. 'बालपरवेशी' म्हणजे –
(क) मुलांची शाळा (ख) किल्ल्याचा कर (ग) मृत शिपायाच्या मुलाबाळांसाठी नेमणूक (घ) विजयोत्सव

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३. एडुत्तनूरच्या दगडावर कोणत्या प्राण्याचे नाव कोरले आहे?
४. वीरगळाच्या माथ्यावरील चंद्र-सूर्यांचा अर्थ काय?

शब्दार्थ

बिरुद – गौरवाची पदवी
लयाला जाणे – नष्ट होणे
होन – सोन्याचे जुने नाणे
नेमणूक – (येथे) ठरवून दिलेली रक्कम
मरणोत्तर – मृत्यूनंतर
टाकी – दगड घडवण्याचे हत्यार

भाषाभ्यास

१. 'कामी येणे', 'धारातीर्थी पडणे' हे वाक्प्रचार लढाईतील मृत्यूचा आदराने उल्लेख करतात. प्रत्येकाचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
२. समास ओळखा : चंद्र-सूर्य, वीरपत्नी, त्रिभुवन.
३. 'शेंदूर उरला, माणूस हरवला.' या वाक्यातील विरोध तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

तुम्ही काय शिकलात?

• राजांची स्मारके विजयाची असतात. गावाने रोवलेला दगड माणसाची आठवण ठेवतो.
• नाव आणि कुटुंबाचा आधार या दोहोंतून खरे स्मरण घडते.
• हुतात्म्याइतकाच परतलेला सैनिकही आदरास पात्र आहे.
• सैनिकाचा सन्मान म्हणजे युद्धाची स्तुती नव्हे.

पाठान्त प्रश्न

१. 'संख्येला आई नसते, घर नसते, गाव नसते.' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. शिवाजी महाराजांनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी केलेली तरतूद सांगून तिचे आजच्या काळातील महत्त्व लिहा.
३. साम्राज्याच्या युद्धात लढलेल्या सैनिकाचा सन्मान करावा काय? लेखकाचे मत सांगून स्वतःचे मत कारणांसह मांडा.

उपक्रम

तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या माजी सैनिकाला अथवा वीरपत्नीला भेटा. त्यांच्या संमतीने त्यांची हकिकत दहा-बारा वाक्यांत लिहा आणि ती त्यांना वाचून दाखवा. गावात वीरगळ असल्यास त्याचे चित्र काढून प्रत्येक चौकटीचे वर्णन करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख) २. (ग) ३. कुत्र्याचे. ४. चंद्र-सूर्य असेपर्यंत वीराची आठवण राहील.

भाषाभ्यास प्रश्न २ ची उत्तरे

चंद्र-सूर्य – द्वंद्व. वीरपत्नी – षष्ठी तत्पुरुष. त्रिभुवन – द्विगू.